आगरदांड्याच्या जेटीवरची पांढरी गाडी

उरणहून निघताना

दिवेआगरला जाऊन आलो असं सांगितलं की लोक विचारतात, समुद्र कसा होता, कुठे उतरलात, जेवण कसं मिळालं. समुद्र छान असावा. तो दिवसभर माझ्या उजव्या हाताला होता आणि मी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही. ज्या कामासाठी गेलो होतो तेही झालं नाही. तरी लिहायला बसलो आहे, कारण हा रस्ता फार देखणा आहे, तुम्ही जरूर जा, आणि जाताना मी जे केलं ते तेवढं करू नका.

न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात मी गेटवर कारकून होतो. ट्रेलर आला की त्याचा नंबर वाचायचा, वरच्या कंटेनरचा नंबर वाचायचा, टिपायचा आणि आत सोडायचा. पावसात, धुळीत, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपलेले असताना मी नंबर वाचले आहेत. सरळ सांगायचं तर आयुष्यभर नंबर वाचून पगार घेतला. निवृत्त झाल्यावर एक लहानशी लाल गाडी घेतली आणि त्याच सुमारास शुगरही मागे लागली. दोन्ही अंगवळणी पडल्या होत्या. गाडीला पेट्रोल आणि मला गोळी, असं आमचं बरं चाललं होतं.

प्रवास सोनाआत्यासाठी होता. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं मूळ गाव म्हणजे दिवेआगरच्या अलीकडची एक वाडी. वडील नोकरीसाठी उरणला आले आणि आत्याही लग्न होऊन इकडे मिठागराच्या बाजूला आली. आता पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे कुरकुरतात, शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही, आणि जीभ मात्र अजून चांगली तिखट आहे. वाडीत कुंपणापलीकडे राहणारी जुलेखा ही तिची लहानपणची मैत्रीण. एकाच विहिरीवर दोघी पाणी भरायच्या, एकाच उन्हात दोघींच्या घरची सुपारी वाळायची. आत्याची आई गेली त्यानंतर वाडीला जाणं सुटलं. पुढे भेट अशी झालीच नाही, नुसते फोन.

जुलेखाचाचीचा मुलगा अस्लम आखातात नोकरीला आहे. तो आईला कायमची तिकडे घेऊन चालला होता. चार दिवस आधी चाचीचा फोन आला. मीच तो आत्याच्या कानाला लावला. "सोने, येऊन जा गं," चाची म्हणत होती. "आता गेले की परत कधी, ते अल्लाला ठाऊक." मंगळवारी दुपारी चारला ते घरून विमानतळासाठी निघणार होते. आम्ही पहाटे निघून बारापर्यंत पोहोचायचं, दोघींनी पोटभर बोलायचं, असं ठरलं.

अस्लमने मला आईचा व्हिसासाठी काढलेला फोटो पाठवला होता. तो मी आत्याला दाखवला. तिने फोन लांब धरला, जवळ धरला आणि मला परत दिला.

"ही जुलू न्हाय. ही तिची सासू असंल."

"आत्या, सासू जाऊन जमाना झाला. चाचीच आहे ही."

"असंल बाबा. फोटोवाल्यानं बिघडवली," आत्या म्हणाली आणि बोचकं बांधायला लागली. बोचक्यात मिठागरावरचं जाडं मीठ होतं. तसलं मीठ तिकडे मिळत नाही आणि जुलूचं लोणचं त्याच्याशिवाय टिकत नाही, असं तिचं म्हणणं होतं. विमानातून मीठ नेऊ देतील का, हा प्रश्न मी काढला नाही.

आणि मंगळवारी नेमकी अंगारकी होती.

वडखळ, पोयनाड

आता माझ्या उपवासाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. डॉक्टरांनी गोळीच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे, 'जेवणाआधी'. उपवासाला आपण जेवत नाही. आपण फराळ करतो. मग जेवणच नाही तर जेवणाआधीची गोळी घ्यायची कधी? शिवाय पोट रिकामं असताना गोळी घेतली तर शुगर एकदम खाली जाते हे मी ऐकून होतो. म्हणून संकष्टीला, एकादशीला मी गोळीला सुट्टी देत असे. हा विचार मला इतका चोख वाटायचा की तो कुणाला विचारून पाहावा असं कधी मनातही आलं नाही. उपवासाच्या दुपारी डोकं जड व्हायचं, मी पडून राहायचो आणि घरातले म्हणायचे, उपवास बाधतो तुम्हाला. माझी बायको रंजना त्या दिवशी घरी नव्हती. मुलीच्या बाळंतपणासाठी ती ठाण्याला गेली होती. जाताना शुगर मोजायचं मशीन गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवून गेली होती. मी ते तिथे आहे हे विसरूनही गेलो होतो.

चिरनेरवरून खारपाड्याला हायवेला लागलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. वडखळला थांबून मी साबुदाण्याची खिचडी घेतली. वर तुपाची धार होती, दाण्याचं कूट सढळ हाताने घातलेलं होतं. एक बशी संपली, चांगली होती म्हणून दुसरी मागवली. बरोबर दोन केळी खाल्ली. आत्याने घरून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकी चटणी काढली आणि माझ्या बशीकडे पाहत राहिली.

"ह्यो तुजा उपास?"

"हो. काय झालं?"

"जुलूचा रोजा बघायचास. थुंकी गिळायची न्हाय दिसभर. मी एकदा धरला तिच्यासंगं, दुपारी इहिरीवर चक्कर येऊन पडले. तुमचे उपास म्हंजे सोयऱ्याचा पाहुणचार."

मी हसलो. तेव्हा सगळंच हसण्यावारी नेत होतो.

पोयनाडपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसायला लागतात. वेणी घालावी तसा कांदा गुंफलेला असतो. आमच्या उरणकडे माल ढिगाने विकतात, इथे तो आधी नटवतात आणि मग विकतात. आत्याने जुलूसाठी एक माळ घेतली आणि विकणाऱ्या बाईला विमानाची सगळी हकीकत सांगितली. त्या बाईने एक कांदा वर दिला. इथपर्यंतचा प्रवास मला स्वच्छ आठवतो, आणि चांगला आठवतो.

रेवदंडा

चौलच्या नारळी-सुपारीच्या सावलीतून रेवदंड्याला आलो तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. ऊन आहे म्हणून असेल, असं म्हटलं. खाडीच्या तोंडाशी बोटी लागलेल्या होत्या, बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि अलिबागच्या रिक्षा माणसं भरेपर्यंत ओरडत उभ्या होत्या. आमच्या उरणच्या करंजा बंदरातही बोंबील असेच वाळतात, पण तिथल्या बायका राखणीला बसून मोबाइल बघतात. इथे दोघी म्हाताऱ्या काठी घेऊन कावळ्यांशी चक्क भांडत होत्या. आत्याला त्या फार आवडल्या. मी एक शहाळं प्यालो. तहान भागली नाही म्हणून दुसरं प्यालो.

मग लघवीला जाणं सुरू झालं. रेवदंड्यात एकदा, साळावचा पूल ओलांडल्यावर एकदा, कोर्लईला पुन्हा. प्रत्येक वेळी गाडी थांबवायची, आडोसा शोधायचा, परत येऊन आत्याचा चेहरा पाहायचा. तिचं लक्ष सूर्याकडे होतं. घड्याळ तिला वाचता येत नाही, पण किती वेळ गेला हे सावलीवरून ती बरोबर सांगते.

"सुदा, बारा वाजता पोचायचं व्हतं ना रं?"

"पोहोचू. सारखं सारखं विचारू नकोस," मी खेकसलो. असा मी तिच्यावर कधी खेकसत नाही. तिने बोचकं मांडीवर घेतलं.

काशीद, नांदगाव

काशीदच्या सुरूच्या झाडांखाली लोक उंटावर बसत होते. माझे डोळे मिटायला लागले होते, अंगातला जोर गेला होता. मी मनाशी निदान केलं की सकाळपासून उपाशी आहे, शुगर कमी झाली असणार. शुगर कमी झाली की गोड खायचं, एवढं मला पाठ होतं. उसाचा रस उपवासाला चालतो. मोठा ग्लास प्यालो. वर राजगिऱ्याचे दोन लाडू खाल्ले, आणि आता तरतरी येईल म्हणून वाट पाहत स्टिअरिंगवर बसलो.

तरतरी आली नाही. नांदगावच्या पुढे एक गतिरोधक मला दिसलाच नाही. गाडी उडाली, कांद्याची माळ आत्याच्या पायात आली. पुढच्या वळणावर समोरून एसटी येत होती. ती मला दिसत होती, पण तिच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या हलत होत्या, आणि ती किती जवळ आहे हे समजत नव्हतं. एसटीवाल्याने हॉर्न दाबून धरला. मी डावीकडे घेतली, जास्तच घेतली, आणि चाकं रस्ता सोडून मातीत उतरली. त्यापुढे एका घराच्या कुंपणाचा दगडी गडगा होता. दगड बंपरला लागायच्या आत गाडी थांबली.

आत्याने पायातली माळ उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "झोपलास का रं?"

"नाही. शुगर कमी झालीय. उपाशी आहे ना."

"मग थांब की वाईच."

"थांबलो तर तुझी जुलू जाईल."

हे वाक्य मी तिला ऐकवलं याचं मला आज वाईट वाटतं. ते ऐकल्यावर ती पुन्हा थांब म्हणणार नाही, हे मला कळायला हवं होतं. मुरूडमधून आम्ही अक्षरशः बैलगाडीच्या वेगाने गेलो. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि मी दुकानांच्या पाट्या वाचायचा प्रयत्न करत होतो. मोठी अक्षरं लागत होती, छोटी लागत नव्हती.

आगरदांडा

आगरदांड्याच्या जेटीवर पोहोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. इथून फेरीबोट गाड्यांसकट खाडीपलीकडे दिघीला नेते. दिघीहून वाडी अगदी जवळ आहे. खाडी निळी होती, पलीकडे दिघी बंदराच्या क्रेन उभ्या होत्या. त्या पाहून मला क्षणभर न्हावा शेवा आठवलं आणि हायसं वाटलं. बोट पलीकडे गेलेली होती. गाडी एका टेम्पोच्या सावलीत लावून आम्ही उतरलो, आणि उतरताना माझा झोक गेला.

आत्याने आरडाओरडा केला. "ह्याची शुगर! ह्याला शुगर हाय!"

तिथे कोकम सरबत विकणारी एक बाई बसली होती. तिने ऐकलं आणि लगबगीने ग्लासात सरबत ओतून वर साखरेचे दोन चमचे घातले. "घ्या दादा, साखर घातलीय भरपूर. शुगरवाल्याला साखरच लागते. माझा दीर असाच पडायचा." मी ग्लास हातात घेतला. तोंडाला लावणार, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. रंजनाचा होता.

"पोहोचलात का? गोळी घेतली ना सकाळी?"

"आज अंगारकी आहे. जेवलोच नाही तर गोळी कसली?"

"बरं. मग दिवसभर खाल्लंत काय?"

मी सांगायला सुरुवात केली. खिचडी. दोन बशा. केळी. शहाळी. उसाचा रस. राजगिऱ्याचे लाडू. सांगता सांगता माझाच आवाज खाली खाली येत गेला. 

"एवढं सगळं पोटात गेलं," रंजना म्हणाली, "आणि तुम्ही जेवला नाहीत?"

मग ती घाईघाईने बोलायला लागली. "कप्प्यात मशीन आहे ते काढा. आधी हात धुवा, उसाच्या रसाने चिकट असतील, आकडा चुकीचा येईल. आणि आता तोंडात काही घालू नका."

मी ग्लास खाली ठेवला. हात धुतले, बोट टोचलं. मशीनवर आकडा आला, तीनशे ब्याण्णव. जवळचं मला दिसत होतं. सरबतवाल्या बाईने आकडा ऐकून विचारलं, "म्हणजे कमी का जास्त?" मी जास्त म्हटल्यावर तिने माझा ग्लास उचलून आपल्या मागे ठेवला, पाण्याची बाटली पुढे केली आणि पैसे घ्यायला तयार होईना.

मी रंजनाला आकडा सांगितला, धूसर दिसतंय हेही सांगितलं, आणि तिने डॉक्टरांना विचारून परत फोन केला. चुकलेली गोळी घ्या, साधं पाणी प्या, सावलीत बसा, थोड्या वेळाने पुन्हा मोजा. उलटी झाली, पोटात दुखलं किंवा धाप लागली तर सरळ दवाखाना गाठा. आणि गाडीच्या चावीला हात लावायचा नाही. डोळ्यांना धूसर दिसतंय ना, ते शुगरमुळेच, असं डॉक्टर म्हणाले होते. शुगर उतरल्याशिवाय ते उतरणार नाही.

गोळ्यांचं पाकीट खिशातच होतं, मी गोळी गिळली आणि चावी आत्याच्या हातात दिली. ती तिने कमरेला खोचली. मी तिला म्हटलं, तू बोटीने पलीकडे जा, मी रिक्षा सांगतो, वाडीत जाऊन भेट. ती माझ्याकडे असं पाहायला लागली की मीच खाली मान घातली.

"तुला हितं असा टाकून? आन् तिला काय सांगू, भाचा जेटीवर पडलाय?"

म्हणून मी अस्लमला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो भला माणूस आहे. तो म्हणाला, "भाई, फिकीर नका करू. तुम्ही तिथंच थांबा. आम्ही म्हसळ्यावरून जाणार होतो, आता बोटीनेच येतो. अम्मी आणि सोनाखाला जेटीवर भेटतील. पांढरी गाडी आहे, शेवटचा नंबर सत्तावीस चौदा. उतरताना हॉर्न देतो."

मी आत्याला सांगितलं. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. तिने बोचकं उघडून मीठ नीट आहे का पाहिलं, कांद्याची माळ झटकली, केस पाण्याने चापून बसवले. लुगड्याचा पदर सारखा केला आणि मला विचारलं, "बरी दिसते ना रं?"

"छान दिसतेस," मी म्हटलं. मला ती हिरव्या रंगाचा एक डाग दिसत होती.

आम्ही जेटीच्या उतरणीच्या कडेला थांबलो. ती उभी होती, मी दगडावर बसलो होतो. बोट खाडीच्या मध्यावर आली, मोठी झाली, आणि तिचं तोंड धक्क्यावर आपटून उघडलं. आधी मोटारसायकली आल्या. त्यांच्या मागोमाग गाड्या. आता हे कुणी आधी सांगितलं नव्हतं की त्या चढणीवर प्रत्येकच गाडी हॉर्न देते. पुढचा हॉर्न देतो, मागचा त्याला हॉर्न देतो, आणि बोटीवरचा माणूस शिट्टी वाजवत सगळ्यांना पुढे ढकलतो. थांबायला जागा नसते.

"पांढरी आली!" आत्या म्हणाली. "हीच का?"

मी नंबराच्या पाटीकडे पाहिलं. पाटी होती. तिच्यावर काळे डाग होते. डोळे बारीक केले, मोठे केले, चष्मा काढला, घातला. काळे ते काळेच राहिले, त्यांचे आकडे झाले नाहीत.

"नंबर दिसत नाही आत्या. आत कोण आहे बघ."

"पोरंसोरं हायती. गेली ती. आनि येक आली पांढरी. सुदा, ही का?"

"आत कोण आहे?"

ती पुढे झाली. कपाळावर हात धरून काचेत पाहिलं. गाडी तिच्यापासून दोन हातांवरून हळूहळू चढत होती, हॉर्न देत होती.

"कुनी म्हातारी हाय," आत्या म्हणाली. "जुलू न्हाय."

गाडी वर गेली. मागे एक टेम्पो, एक जीप, आणि बोट रिकामी झाली.

मी अस्लमचा फोन लावत राहिलो, तो लागत नव्हता. आत्या पुढच्या बोटीची वाट पाहत उभी राहिली. बसायला तयार नव्हती. बोट परत गेली, परत आली, आणि तिच्यात एकही पांढरी गाडी नव्हती. तेव्हा फोन वाजला. अस्लम मुरूडच्या बराच पुढे गेला होता.

"भाई, तुम्ही कुठे गेलात? दवाखान्यात नेलं का तुम्हाला? बोट उशिरा सुटली, फोनला रेंज नव्हती. मी हॉर्न देत होतो, तुम्ही कुठे दिसलाच नाहीत. मागचे थांबू देईनात. आता मागे फिरलो तर विमान जाईल."

मी काय बोललो ते आठवत नाही. पलीकडून चाचीचा आवाज आला आणि मी फोन आत्याच्या कानाला लावला. चाची मोठ्याने बोलते, मला सगळं ऐकू येत होतं.

"सोने, तू हिरवं लुगडं नेसली होतीस का गं?"

"व्हय."

"डोक्यावर हात धरून उभी होतीस?"

"व्हय, जुलू."

"या अल्ला. मी पाहिलं तुला. अगदी जवळून पाहिलं. अस्लम म्हणाला, अम्मी, या का? मी म्हटलं, ही कोण म्हातारी, आपली सोनी नव्हे ही. चल पुढे."

आत्याने माझ्या हातातून फोन आपल्या हातात घेतला. मग हळूच म्हणाली, "मी बी तसंच म्हनले गं."

 फोन चालू होता. नंतर चाचीने सांगितलं की शेजारच्या घरी डबा ठेवला आहे, तो ने, आणि नीट राहा, आणि दुवा कर. मग लाइन तुटली. मी दगडावर बसून रडलो. दोघींनाही एकमेकींचा म्हातारा चेहरा ठाऊक नव्हता. मला चाचीचा ठाऊक होता, माझ्या फोनमध्ये त्याचा फोटो होता. तो चेहरा ओळखायला, किंवा ते चार आकडे वाचायला, तिथे मीच होतो. माझ्याशिवाय ते करणारं कुणी नव्हतं.

दिघी, वाडी आणि परत

रात्री आगरदांड्यालाच एका घरगुती खोलीत राहिलो. रंजनाने सांगितलेलं सगळं ऐकलं. चंद्रोदयानंतर गोळी आधी घेतली आणि मग एक भाकरी आणि दुधीची भाजी खाल्ली. आत्याने मला गोळी गिळताना पाहिलं आणि विचारलं, "हे जेवन का फराळ?" मी म्हटलं, आता सगळं जेवणच. डॉक्टरांनीही दुसऱ्या दिवशी फोनवर हेच सांगितलं. तोंडात गेलं की ते जेवण, देवाच्या नावाने गेलं तरी. गाडी काढायच्या आधी मोजायचं, लांब जायचं असेल तर मध्ये थांबून मोजायचं, अंगात काही वेगळं वाटलं तर अंदाज बांधायचा नाही, मशीनवर मोजायचं. इतकं सोपं होतं ते.

सकाळी आकडा दीडशेच्या आसपास होता. डॉक्टर म्हणाले, स्वच्छ दिसत असेल तर जवळपास चालवा. मला दिघीच्या क्रेन मोजता येत होत्या. आत्याने कमरेची चावी काढून दिली.

बोटीने दिघीला आणि तिथून वाडीत गेलो. चाचीच्या दाराला कुलूप होतं. ओटा झाडून ठेवलेला होता, पायरीवर पाण्याचा रिकामा हंडा उपडा घातला होता. शेजारणीने दोन डबे आणून दिले. एकात सांदण होतं. तांदळाचा रवा, गूळ आणि नारळाचं दूध घालून वाफवलेलं, आत्याला लहानपणापासून आवडणारं. दुसऱ्या लहान डब्यातही तेच होतं, पण पांढरंफटक.

"हे बिनगुळाचं आहे," शेजारीण म्हणाली. "सोनाखालाच्या भाच्याला शुगर आहे म्हणून चाचीने वेगळं काढलं. म्हणाली, तो गाडी चालवत येतोय, त्याला त्रास नको."

मी तो डबा हातात घेऊन उभा राहिलो. आत्याने मिठाचं बोचकं आणि कांद्याची माळ शेजारणीकडे दिली. जुलू आली की दे, म्हणाली. मग ओट्यावर थोडा वेळ बसली, जिथे विहीर होती तिकडे पाहत. विहीर बुजवली आहे. तिथे आता नारळाची रोपं लावली आहेत आणि ती चांगली वाढत आहेत.

परतीच्या बोटीवर आमच्यापुढे एक पांढरी गाडी लागली होती. आत्या गाडीतून उतरली नाही. काच खाली करून ती पलीकडचं पाणी पाहत होती. खाडीच्या मध्यावर आल्यावर तिने पुढच्या गाडीकडे बोट केलं.

"सुदा, तिच्यावर काय लिवलंय, वाच."

मी वाचलं. एम एच, शून्य सहा, दोन अक्षरं, पुढचे चार आकडे. यार्डच्या गेटवर वाचायचो तसं, एका दमात, मोठ्याने. एकही आकडा अडला नाही.

आत्याने ऐकून घेतलं. ते बरोबर की चूक हे तिला कळणार नव्हतं. तिने डबा मांडीवर सारखा केला आणि पुन्हा पाण्याकडे पाहिलं.

"आज दिसतंय तुला," ती म्हणाली.